बाईंची पट्टी

"हा आवाज म्हणायचा?" सीडी थांबल्याबरोबर दाभोळे वकील म्हणाले. "ही तर स्नेहसंमेलनातली पोरगी गातेय. आता रेकॉर्ड लावा बापूसाहेब, कान धुऊन निघू दे."

दिवाणखान्यात सगळे हसले. सीडी मी आणली होती, त्यामुळे ते हसणं माझ्याच वाट्याला आलं. बापूसाहेब सरनोबत हसले नाहीत. त्यांनी मलमलीच्या फडक्याने तबकडी पुसली, यंत्रावर ठेवली आणि सुई इतकी हलके टेकवली की पहिली खरखरसुद्धा आदबीने आल्यासारखी आली. मग भामाबाई नेसरीकरांचा पूरिया सुरू झाला. खोल, संथ, भारदस्त. दाभोळ्यांनी डोळे मिटले. कुणीतरी "काय ठहराव!" असं पुटपुटलं. दोन मिनिटांत निकाल लागला होता.

वीस वर्षं झाली या गोष्टीला. कोल्हापुरात ताराबाई पार्कातल्या बापूसाहेबांच्या बंगल्यावर दर रविवारी सकाळी दहा-बारा जण रेकॉर्डी ऐकायला जमायचे. त्यांच्या लेखी सीडी म्हणजे गाण्याचं डबाबंद लोणचं. आकड्यांत चिरलेला आवाज पातळ होतो, त्यातलं वजन गळून पडतं, तबकडीवर सुई प्रत्यक्ष आवाजाच्या रेषेतून चालते, वगैरे मी तिथे शंभरदा ऐकलं होतं. मी राजारामपुरीत एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करायचे. दिवसभर कॉम्प्युटरवर देवीच्या आरत्या आणि साड्यांच्या दुकानांच्या जाहिराती कापायच्या, त्यामुळे त्या मंडळींच्या दृष्टीने मी शत्रुपक्षातली होते. तरी मला येऊ देत, कारण मी हौसाताईंची शिष्या होते आणि हौसाताई कांबळे या भामाबाईंच्या हयात असलेल्या एकुलत्या एक शिष्या.

भामाबाई म्हणजे बापूसाहेबांची बायको. तेव्हा त्यांना जाऊन वीस-एक वर्षं झालेली. मागे उरलेली त्यांची एकच रेकॉर्ड, तीही एका बाजूला पूरिया, दुसऱ्या बाजूला दोन ठुमऱ्या. त्या वर्षी कंपनीने मूळ टेपवरून तीच सीडीवर काढली आणि मी हौसेने पहिल्याच दिवशी विकत घेतली, ती अशी तोंडावर आपटायला.

पण माझं चित्त त्या खोल आवाजात लागत नव्हतं, ते भिंतीवरच्या घड्याळात लागलं होतं. सीडीवरचा पूरिया एकोणीस मिनिटांत संपला होता. यंत्रावरचा आकडा मी स्वतः पाहिला होता. रेकॉर्डवरचा पूरिया मात्र तेवीस मिनिटं होत आली तरी चालूच होता. तीच बाई, तीच मैफल, तेवढ्याच ताना. आवाज पातळ झाला म्हणून गाणं लवकर कसं संपेल? पातळ केलेली आमटी काही पातेल्यातून कमी होत नाही.

मी तसं बोललेही. दाभोळे वकिलांनी डोळे उघडले आणि मला म्हणाले, "नाचता येईना अंगण वाकडं."

त्यांचा टोमणा कुठे लागायचा होता ते मला कळलं, आणि तो मला नव्हे, हौसाताईंना लागला. त्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि खाली बघितलं.

त्याला कारण होतं. भामाबाईंच्या बरसीला, म्हणजे पुण्यतिथीला, त्या घरात एक रीत होती. आधी सगळ्यांनी मिळून रेकॉर्ड ऐकायची, त्यातल्या बाईंच्या सुरावर तानपुरा जुळवायचा, आणि मग कुणीतरी त्याच पट्टीत तोच पूरिया गायचा. बापूसाहेब म्हणत, बाईंची चीज बाईंच्या पट्टीतच. ती पट्टी पेटीवरच्या पांढरी पाचलाही किंचित उतरलेली. पूरिया हा आधीच खालच्या सप्तकात रमणारा राग, त्यात ही पट्टी, म्हणजे बाईमाणसाने विहिरीच्या तळाला जाऊन गायचं. त्याच्या चौदा वर्षं आधी हौसाताई तिथे गायला बसल्या होत्या. वर्षभर त्यांनी घसा दाबून दाबून खालचे स्वर काढायचा रियाज केला होता. भर मैफलीत, मंद्रातल्या गंधारावर, त्यांचा आवाज फाटला तो परत लागला नाही. लोक चुळबुळले. बापूसाहेब उठून उभे राहिले आणि म्हणाले, "बाईंचा आवाज बाईंबरोबर गेला. आता कुणी हट्ट करू नये." घशाला सूज आली म्हणून हौसाताई सहा महिने गप्प होत्या. पुढे आवाज आला, पण चारचौघांत गायला त्या पुन्हा बसल्या नाहीत. शाहूपुरीतल्या दोन खोल्यांत आम्हा पोरींना शिकवत राहिल्या.

आणि मी ठरवलं होतं की यंदा बरसीला मी गाणार. ताईंच्या हातून निसटलेलं मी त्यांच्यासाठी उचलून आणणार. मला कुणी तसं सांगितलं नव्हतं. ताई तर सक्त नको म्हणत होत्या. पण माझा स्वभाव असा की नको म्हटलं की पाय तिकडेच वळतात. चार महिने मी खालच्या पट्टीत रियाज करत होते आणि सकाळी उठले की माझा आवाज हमालासारखा यायचा.

त्या रविवारी मात्र मला काहीतरी वेगळंच दिसलं होतं. सीडी वाजत होती तेव्हा ताई गुणगुणत होत्या. ओठ मिटलेले, नुसता कंठातून सूर, आणि तो न शोधता लागलेला. रेकॉर्ड सुरू झाल्यावर त्या गप्प झाल्या. सगळे चहाला आत गेले तेव्हा मी धूळ पुसायच्या निमित्ताने त्या रेकॉर्ड प्लेअरच्या मागे वाकले. बापूसाहेबांच्या मुलाने तो अमेरिकेहून पाठवला होता, बाई गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी. शेजारी घूंऽ करणारा जाडजूड ट्रान्सफॉर्मर होता, तिकडची यंत्रं इथल्या विजेवर जळू नयेत म्हणून लावतात तसला. यंत्राच्या पाठीवर पत्र्याची पट्टी होती. तिच्यावर लिहिलं होतं, एकशेवीस व्होल्ट, साठ सायकल.

मी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतलेली. मी तो आकडा पुन्हा एकदा वाचला.

आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास हेलकावे खाते, अमेरिकेतली साठ. ट्रान्सफॉर्मर विजेचा जोर कमी करतो, हेलकावे बदलत नाही. आणि त्या जातीच्या यंत्राची मोटर हेलकाव्यांच्या तालावरच फिरते. म्हणजे ती तबकडी त्या घरात वीस वर्षं हळू फिरत होती. सहा फेऱ्यांच्या वेळात पाचच. हळू फिरली की आवाज खाली जातो, ताल संथ होतो, गाणं लांबतं. ते वजन, तो ठहराव, ती खोली, ज्याच्यावर सगळी मंडळी माना डोलवत होती, ते सगळं चुकीच्या विजेचं होतं. त्यात भामाबाईंचं काही नव्हतं आणि तबकडीचंही नव्हतं.

मी घरी न जाता ताईंच्या मागोमाग शाहूपुरीत गेले. त्यांनी पायातल्या चपला काढल्या नव्हत्या तोच मी विचारलं, बाई तुम्हाला कुठल्या पट्टीत शिकवायच्या?

मोरीपाशी जाऊन ताईंनी हातपाय धुतले, चुलीवर आधण ठेवलं. मग माझ्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, "काळी पाच." म्हणजे रेकॉर्डवरच्या सुराहून तीन पट्ट्या वर.

"मग तुम्ही त्या लोकांना सांगितलं का नाही? त्या दिवशी गायला बसलात तेव्हा तरी?"

"कसं सांगू?" त्या वळल्या. "लहान होते मी, वैजे. बाईंकडं शिकायला लागले तवा नऊ वर्षांची पोर. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय. रेकॉर्डमधी बाईंचा आवाज हाय, त्यांच्या तोंडातनं आलेला. माणसाची आठवण चुकंल, रेकॉर्ड कशी चुकंल?"

मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं. बाईंसमोर बसून दहा वर्षं शिकलेलं हे माणूस. अख्ख्या कोल्हापुरात बाईंचा खरा सूर फक्त त्यांच्या कानात होता, आणि तबकडीवर भाबडा विश्वास ठेवून त्यांनी स्वतःचा कान खोटा ठरवला होता. वर घसाही घालवला. मी त्यांना पत्र्यावरचे आकडे सांगितले, मोटरचं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण ऐकून त्यांचा विश्वास बसला असं मला दिसलं नाही. सूर कानाला लागल्याशिवाय त्या कशावरच विश्वास ठेवत नसत.

बरसी पुढच्या गुरुवारी होती. मी स्टुडिओच्या मालकांकडून त्यांचा जुना रेकॉर्ड प्लेअर मागून घेतला. तो इथल्या विजेवर बरोबर फिरणारा होता. मी तो आधी दहादा तपासला. गुरुवारी सकाळी रिक्षात मांडीवर घेऊन बसले आणि शेजारी ताईंना बसवलं. कुठे चाललोय ते त्यांना कळत होतं. स्टेशनवरून जाताना त्यांनी एकदा माझा हात धरला आणि म्हणाल्या, माघारी फिरू या का? मी म्हटलं, फिरायचं असेल तर तुम्ही उतरा, मी एकटी जाते. त्या उतरल्या नाहीत.

बापूसाहेब दिवाणखान्यात एकटेच होते. बैठकीच्या गाद्या अजून घालायच्या होत्या. बाईंच्या फोटोला हार घातलेला होता. माझ्या हातातलं यंत्र बघून त्यांची मुद्रा बदलली.

"ते इथे लागणार नाही," ते म्हणाले.

"एकदाच लावते. तुमचीच रेकॉर्ड, या मशीनवर. सीडीचा प्रश्नच नाही. तबकडीला तबकडीच भिडवू."

"वैजयंती, वय काय तुझं? बाई गेल्या तेव्हा तू जन्मली होतीस का?"

"नुकतीच जन्मले होते. पण हौसाताई बाईंसमोर बसलेल्या आहेत. ऐकून त्यांनी नाही म्हणावं, मी यंत्र उचलून निघून जाते. परत या घरात पाऊल टाकणार नाही."

मी परवानगीची वाट बघितली नाही. पाकिटातून तबकडी काढली, माझ्या यंत्रावर ठेवली आणि सुई टेकवली. बापूसाहेबांसारखी अदब काही जमली नाही. सुई जरा कर्रकन उतरली.

आणि भामाबाई गायला लागल्या. तीच खरखर, तोच तबकडीचा ऊबदार आवाज, पण त्यातून एक तरणीताठी बाई गात होती. टवटवीत, धीट, जरा खट्याळसुद्धा. सूर काळी पाचला चपखल. तबला चांगला चालत्या लयीत होता. सीडीवर ऐकलेलीच बाई, तिळमात्र फरक नाही. एवढी वर्षं भांडण तबकडी आणि सीडीचं चाललं होतं आणि दोघी बिचाऱ्या एकच सांगत होत्या.

हौसाताई खाली बसल्या. "हाच," त्या म्हणाल्या. "बाई, हाच की ओ." त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांना ते पुसायचं भान नव्हतं.

गाणं संपत आलं तेव्हा मी बापूसाहेबांकडे बघितलं. ते चकित होतील, चिडतील, निदान पुन्हा लाव म्हणतील, असं मला वाटत होतं. ते खिडकीशी उभे होते.

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"ते यंत्र आलं त्याच दिवशी कळलं. बायको होती माझी. तिचा आवाज मला कळणार नाही?" ते खुर्चीवर बसले. "दुरुस्त करून घेणार होतो. पण पहिल्यांदा लावली तेव्हा घड्याळ बघितलं. एकोणीस मिनिटांचं गाणं तेवीस मिनिटं चाललं. म्हटलं, असू दे. चार मिनिटं जास्त बसते माझ्यापाशी. मग मंडळी यायला लागली. त्यांना तो आवाज आवडला. दाभोळे म्हणाले, बाई इतक्या मोठ्या होत्या हे आम्हाला आत्ता कळलं. ती जिवंत असताना तिला कुणी मोठी म्हणालं नव्हतं. मग मला सांगवेना."

सुई शेवटच्या वर्तुळात जाऊन टक्‌टक् करत राहिली. मी ती उचलली. खरं सांगते, मला त्या म्हाताऱ्याचा राग आला होता आणि दयाही आली होती, आणि त्या दोन्हींचं काय करायचं ते कळत नव्हतं. राग धरायचा की सोडायचा, हे माझ्या हातात नव्हतंच. मी ताईंकडे बघितलं.

त्यांनी आता पदराने तोंड पुसलं होतं. उठून त्या बापूसाहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. या घरात त्या नेहमी भिंतीला धरून चालायच्या. इतक्या जवळ त्यांना उभं राहिलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

"मी गायला बसले तवा तुम्हाला ठावं हुतं?"

बापूसाहेबांनी होय म्हणून मान हलवली.

"तुम्हाला चार मिनिटं मिळाली, बापूसाहेब. माझी चौदा वर्षं गेली."

त्या मोठ्याने बोलल्या नाहीत. बापूसाहेबांनी हात जोडले तर त्या म्हणाल्या, हात नका जोडू, मला त्याचा उपयोग न्हाई. चूक चारचौघांत झाली, ती चारचौघांतच निस्तरायची. संध्याकाळी लोक जमले की तुम्ही उठायचं आणि सगळं सांगायचं. वैजी सांगणार न्हाई, मी सांगणार न्हाई. तुम्ही सांगायचं. मग मी गाते.

मी गाणार होते, हे त्या क्षणी मलाही आठवलं नाही.

"आणि नाही सांगितलं तर?" बापूसाहेबांनी विचारलं. त्यात उर्मटपणा नव्हता. एखाद्या पोराने शिक्षा काय ते विचारावं तसं ते विचारत होते.

"तर बाईंची पट्टी माझ्याबरोबर जाईल," ताई म्हणाल्या आणि पायरीवर जाऊन चपला घालू लागल्या.

संध्याकाळी दिवाणखाना भरला. रविवारची मंडळी पुढे, त्यांच्या घरचे मागे, दारात शेजारपाजारचे. दाभोळे वकील मला बघून म्हणाले, "काय, आज आमच्या यंत्रावर जुळवणार की तुमच्या डब्यावर?" ताई माझ्या शेजारी होत्या. त्यांनी दुपारी न्हाऊन इस्त्रीची साडी नेसली होती. तानपुरा गवसणीतच होता. त्या गवसणीच्या नाडीला हात लावत नव्हत्या, नुसत्या बापूसाहेबांकडे बघत होत्या.

रेकॉर्ड लावायची वेळ झाली. बापूसाहेब उठले, यंत्रापाशी गेले, तबकडी हातात घेतली आणि तशीच धरून उभे राहिले. इतका वेळ उभे राहिले की कुणीतरी पाणी आणायला उठलं. मला वाटलं, संपलं. हा माणूस सुई टेकवणार आणि आम्ही दोघी घरी जाणार.

त्यांनी तबकडी परत पाकिटात सरकवली. ट्रान्सफॉर्मरचं बटण बंद केलं. तो घूंऽ आवाज थांबला तेव्हा कळलं की इतकी वर्षं तो त्या खोलीत चालूच होता.

"हे यंत्र वीस वर्षं हळू फिरतंय," ते म्हणाले. "तुम्ही बाईंचा म्हणून जो आवाज ऐकलात तो बाईंचा नाही. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. या हौसाचा आवाज चौदा वर्षांपूर्वी इथे फाटला तो माझ्यामुळे. ती बरोबर होती. आज तानपुरा रेकॉर्डवर जुळायचा नाही. हौसा देईल तो सूर बाईंचा."

दाभोळे वकील काहीतरी बोलायला गेले, पण त्यांच्या बायकोने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. बाकी कुणी हललं नाही. कित्येकांनी बापूसाहेबांकडे बघायचं टाळलं, तर मागच्या दोघी-तिघी म्हाताऱ्या मात्र एकमेकींकडे बघून मान डोलवत होत्या. नंतर कळलं, त्यांनीही भामाबाईंना प्रत्यक्ष ऐकलं होतं, पण त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं.

ताईंनी गवसणी सोडली. तानपुरा माझ्या मांडीवर दिला आणि स्वतः खुंट्या पिळायला लागल्या. तारा चढत गेल्या. पांढरी पाच मागे पडली, तरी त्या पिळतच होत्या, आणि मला वाटलं, आता तार तुटते. मग त्या थांबल्या. पेटी विचारली नाही, माझ्याकडे बघितलं नाही. मला छेड म्हणून खुणावलं, डोळे मिटले आणि सा लावला.

चौदा वर्षांत चारचौघांत न वापरलेला आवाज. आधी जरा खरखरला, मग मोकळा झाला. तो तरणा नव्हता, सुजून बरा झालेला, पिकलेला होता, पण त्याची जागा बरोबर होती. दुसऱ्या आवर्तनात त्या मंद्रात उतरल्या. पायऱ्या ओळखीच्या असल्यासारख्या उतरल्या आणि गंधारावर जाऊन निवांत बसल्या. समोर म्हाताऱ्या बायकांपैकी एक हुंदका देऊन रडायला लागली.

मी तानपुरा छेडत होते म्हणून मला समोरचं सगळं दिसत होतं. बापूसाहेबांनी ना मान डोलवली, ना दाद दिली. ते यंत्राजवळच्या खुर्चीत पुढे झुकून बसले होते, दाराबाहेरून कुणी हाक मारली तर ऐकतात तसे. ताईंनी मुखडा घेतला आणि समेवर आल्या, तेव्हा ते अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाले, "आलीस होय."